नवा प्रशिक्षक आलाय: कोणत्या शंका धरून ठेवायच्या, कोणत्या सोडून द्यायच्या

२०२४ साली सहा महिन्यांच्या आत इंग्लंडमधल्या दोन बड्या फुटबॉल क्लबनी परदेशी लीगमधून प्रशिक्षक आणले. लिव्हरपूलने उन्हाळ्यात फायनूर्डकडून आर्ने स्लॉटला घेतलं, मँचेस्टर युनायटेडने नोव्हेंबरमध्ये स्पोर्टिंगकडून रुबेन अमोरिमला. दोघंही आपापल्या देशात लीग जिंकलेले. दोघांनाही प्रीमियर लीगचा, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल लीगचा, अनुभव शून्य. चाहत्यांची हरकतही दोन्हीकडे अगदी तीच होती: नेदरलँड्स काय किंवा पोर्तुगाल काय, तीन-चार तगडे संघ सोडले तर बाकीचे लिंबूटिंबू, तिथे जिंकला म्हणजे इथे जमेलच असं थोडंच आहे? मे २०२५ मध्ये हंगाम संपला तेव्हा लिव्हरपूल ८४ गुणांसह विजेतं होतं आणि युनायटेड ४२ गुणांवर, म्हणजे बरोबर निम्म्यावर, १५व्या स्थानी.

शंका एकच, निकाल दोन टोकांचे. ज्या मुद्द्यावरून चाहते सर्वांत जास्त भांडले, त्या मुद्द्याने पुढचं काहीच सांगितलं नाही.

तुमच्या क्लबने नुकताच नवा मुख्य प्रशिक्षक नेमला असेल आणि त्याच्या पाठीशी उभं राहावं, आत्ताच आवाज उठवावा की थांबून बघावं हे ठरत नसेल, तर पुढचं सगळं त्या निर्णयासाठी लिहिलं आहे. शंका घेण्यात गैर काही नाही. प्रशिक्षक नुकसानभरपाई घेऊन दुसऱ्या गावी जातो, मालक क्लब विकून मोकळा होतो, चाहता मात्र आयुष्यभर तिथेच असतो. म्हणून त्याची शंका नेमक्या जागी लागली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

या शंकांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिला गट माणसाबद्दलचा: अनुभव किती, आधी कुठे आपटला, नाव मोठं आहे का, आपला आहे की शत्रूच्या गोटातला. दुसरा गट जुळणीबद्दलचा: त्याची खेळण्याची पद्धत आणि हातात असलेला संघ यांचा मेळ बसतो का, आणि वर बसलेल्या माणसांनी त्याला नेमकं कशासाठी आणलंय. पहिल्या गटातल्या शंका बोलायला सोप्या असतात, कारण त्यासाठी एकही सामना पाहावा लागत नाही. दुसऱ्या गटातल्या शंकांना मेहनत लागते. पण दोन्ही शेजारी ठेवून इतिहास तपासला की पारडं स्पष्ट दुसऱ्या बाजूला झुकतं.

कागदावरचा माणूस

अनुभवाची शंका सर्वांत आधी उठते, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू. २००८ मध्ये बार्सिलोनाने पेप ग्वार्दिओलाला नेमलं तेव्हा त्याच्या खात्यावर राखीव संघाचा एकच हंगाम होता, तोही स्पेनच्या चौथ्या पातळीवरच्या लीगमधला. समोर जोझे मोरिन्योसारखा सिद्ध पर्याय असताना हा निर्णय झाला होता. पहिल्याच हंगामात ग्वार्दिओलाने लीग, देशाचा चषक आणि चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा) अशी तिन्ही विजेतेपदं मिळवली. २०२० मध्ये युव्हेंटसने आंद्रेआ पिर्लोवर असाच विश्वास टाकला. त्याला आधी २३ वर्षांखालच्या संघासाठी नेमलं होतं. त्या संघाचा एकही सामना व्हायच्या आत मुख्य संघ त्याच्याकडे आला. सलग नऊ वर्षं लीग जिंकणारा युव्हेंटस त्या हंगामात चौथा आला आणि इटालियन चषक जिंकूनही पिर्लोला नारळ मिळाला.

दोघंही आपल्या काळातले अव्वल मिडफिल्डर, दोघंही प्रशिक्षक म्हणून कोरी पाटी. मग फरक कुठे पडला? ग्वार्दिओलाला मिळालेले झावी, इनिएस्ता, मेस्सी त्याच ॲकॅडमीत आणि त्याच पद्धतीत वाढले होते. बुस्केट्स आणि पेड्रोला तर तो राखीव संघातून स्वतःबरोबर वर घेऊन आला. पिर्लो मात्र त्या संघाचा तीन हंगामांतला तिसरा प्रशिक्षक होता. अलेग्रीने एका पद्धतीने घडवलेला, सार्रीने दुसऱ्या दिशेला वळवायचा प्रयत्न केलेला तो संघ होता. म्हणजे अनुभव हा धागा उसवत गेलं तरी शेवटी आपण जुळणीवरच येऊन पोहोचतो. झाबी अलोन्सोचंही तसंच. ऑक्टोबर २०२२ मध्ये लेव्हरकुझेनने त्याला घेतलं तेव्हा त्याच्या नावावर रेआल सोसिएदादचा राखीव संघ होता, आणि तोही नुकताच खालच्या लीगमध्ये घसरलेला. पुढच्याच पूर्ण हंगामात लेव्हरकुझेनने एकही सामना न गमावता बुंडेसलीगा, म्हणजे जर्मनीची लीग, जिंकली.

मागच्या अपयशाचं काय? क्लॉडिओ रानिएरीच्या ग्रीस संघाने नोव्हेंबर २०१४ मध्ये घरच्या मैदानावर फॅरो बेटांकडून मार खाल्ला, त्या पन्नास हजारांच्या आसपास लोकवस्तीच्या बेटांकडून, आणि त्याची हकालपट्टी झाली. आठ महिन्यांनी लेस्टरने त्याला आणलं तेव्हा क्लबचे माजी खेळाडूसुद्धा उघड नाराज होते. २०१६ च्या मे महिन्यात लेस्टर दहा गुणांच्या आघाडीने इंग्लंडचं विजेतं झालं. उलट फ्रँक डी बोअर पाहा. नेदरलँड्समध्ये आयक्ससाठी सलग चार लीग जिंकलेला माणूस. २०१७ मध्ये क्रिस्टल पॅलेसला आला आणि लीगच्या चार सामन्यांत संघाला एकही गोल करता न आल्याने बाहेर पडला. यश असो की अपयश, कागदावरची नोंद स्वतःहून फार काही सांगत नाही. ती कोणत्या संघाबरोबर घडली एवढंच त्यातून घ्यायचं.

परकेपणाची शंका भावनेची आहे आणि तिला मी हलकं लेखणार नाही. ज्याने वर्षानुवर्षं तुमच्या प्रतिस्पर्ध्याच्या डगआउटमधून तुमच्या क्लबला हिणवलं, तो उद्या तुमचा मफलर गळ्यात घालून उभा राहिला तर पोटात ढवळणारच. राफा बेनिटेझबाबत हे दोनदा घडलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये चेल्सीच्या चाहत्यांनी पहिल्या सामन्यापासून त्याची हुर्यो उडवली. हंगामाअखेर त्याच माणसाने युरोपा लीग (युरोपातली दुसऱ्या क्रमांकाची क्लब स्पर्धा) जिंकून दिली आणि संघाला तिसऱ्या स्थानी आणलं. २०२१ मध्ये तो एव्हर्टनला गेला, ज्या क्लबला त्याने लिव्हरपूलमध्ये असताना छोटा क्लब म्हटलं होतं. तिथे जानेवारीतच सगळं संपलं. पण एव्हर्टनमध्ये तो जुन्या वैरामुळे बुडाला असं म्हणणं अर्धंच खरं आहे. आघाडीचा डॉमिनिक कॅल्व्हर्ट-लुइन दुखापतीमुळे महिनोनमहिने बाहेर होता, लुका दिन्यशी बिनसल्यावर तो विकला गेला, डिसेंबरमध्ये फुटबॉल संचालक क्लब सोडून गेला. वैरामुळे एवढंच झालं की घसरण सुरू झाल्यावर त्याला सांभाळून घ्यायला स्टँडमध्ये कुणी नव्हतं. परक्या प्रशिक्षकाच्या खात्यात उधारी नसते, हे खरं. पण उधारी देणं न देणं तुमच्याच हातात आहे, त्यामुळे ही त्याच्या क्षमतेबद्दलची शंका नव्हेच.

पद्धत आणि हातातला संघ

आता स्लॉट आणि अमोरिम यांच्याकडे पुन्हा वळतो, कारण जुळणी म्हणजे काय ते या जोडीइतकं लख्ख दुसरीकडे कुठे दिसत नाही.

स्लॉट आला त्या उन्हाळ्यात लिव्हरपूलचे चाहते बेचैन होते. क्लबला हवा असलेला बचावात्मक मिडफिल्डर मार्टिन झुबिमेंडी याने ऐनवेळी नकार दिला आणि त्या हंगामासाठी मैदानी खेळाडू म्हणून फक्त फेडेरिको किएझा दाखल झाला. यावर शंका घेणं रास्तच होतं. पण स्लॉटने मागे चौघांची बचावफळी ठेवली, दोन्ही विंगर (कडेने हल्ला करणारे) ठेवले आणि आधीच्या प्रशिक्षक क्लॉपच्या काळात बहुतेक वेळ बेंचवर बसलेल्या रायन ग्रावेनबर्खला मधल्या फळीच्या तळाशी उभं केलं. सुरुवातीच्या सामन्यांत कॅमेरा त्याच्यावर आला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसायची. बचावपटूकडून पास येताना प्रतिस्पर्धी पाठीवर धावून येतोय हे त्याने आधीच मान वळवून पाहिलेलं असायचं. तो चेंडू थांबवायचा नाही, अंगावरून पुढे जाऊ द्यायचा आणि त्याच लयीत वळायचा. धावून आलेला माणूस मागे पडला की पुढे मोकळं मैदान. ज्या जागेसाठी क्लब बाजारात पैसे घेऊन फिरत होता, ती जागा घरातल्याच खेळाडूने भरून काढली. बाकीच्या दहा जणांना नवं काही शिकावं लागलं नाही असं नाही, पण जे शिकायचं होतं ते आधीच्या सवयींच्या शेजारचंच होतं. शिवाय त्याला उन्हाळ्याचा पूर्ण सराव मिळाला.

अमोरिमची पद्धत स्पोर्टिंगमध्ये बावनकशी होती. १९ वर्षांनी त्याने त्या क्लबला लीग मिळवून दिली ती याच पद्धतीवर: मागे तिघं, दोन्ही कडांना एकेक विंग-बॅक (कडेने वर-खाली धावणारा बचावपटू), मध्ये दोघं, पुढे तिघं. युनायटेडचा संघ मात्र वर्षानुवर्षं चौघांच्या बचावफळीसाठी आणि कडेच्या विंगरसाठी जमवलेला. रॅशफर्ड, गार्नाचो, अँटनी हे तिघं टचलाइनजवळ, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेजवळ, वाढलेले खेळाडू. नव्या रचनेत त्यांची जागाच उरली नाही. हंगामाच्या मधल्या विंडोत (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा ठरलेला काळ) रॅशफर्ड आणि अँटनी लोनवर गेले, गार्नाचो पुढच्या उन्हाळ्यात विकला गेला. डाव्या बाजूच्या विंग-बॅकसाठी हाताशी तंदुरुस्त माणूस नव्हता. पॅट्रिक दोर्गू आला तो फेब्रुवारीच्या तोंडावर. मध्ये दोघंच असल्याने ब्रुनो फर्नांडिस, जो गोलच्या जवळ सर्वांत घातक, त्याला अनेकदा मागे येऊन खेळावं लागलं.

त्या हंगामात युनायटेडने खाल्लेल्या गोलांपैकी बऱ्याच गोलांआधीचं चित्र सारखंच असायचं. विंग-बॅक वर गेलेला, चेंडू हातचा गेलेला, तिघांतला बाहेरचा सेंटर-बॅक कडेला ओढला गेलेला, आणि मधल्या दोघांना मैदानाची सगळी रुंदी झाकायची असल्याने प्रतिस्पर्ध्याचा तिसरा मिडफिल्डर बॉक्सच्या, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीच्या, तोंडाशी एकटा. असा गोल पडला की टीव्हीसमोर आपण सेंटर-बॅकला शिव्या घालतो. पण तो जिथे ओढला गेला तिथे त्याला पद्धतीनेच पाठवलेलं असतं. हे सगळं हंगामाच्या मध्यावर, आठवड्याला दोन-दोन सामने खेळत, सरावाला वेळच नसताना बदलायला घेतलं. याचं खापर एकट्या अमोरिमवर फोडता येणार नाही, पण युनायटेडच्या चाहत्यांची खरी शंका हीच असायला हवी होती आणि पोर्तुगीज लीगचा दर्जा हा विषयच नव्हता.

म्हणून नव्या नेमणुकीनंतर मी तरी एक साधा हिशेब करतो. नव्या प्रशिक्षकाने मागच्या क्लबमध्ये कशी रचना वापरली ते घ्यायचं, कागदावर त्या अकरा जागा मांडायच्या आणि आपल्या संघातली नावं भरायची. ज्या जागी तो खेळाडू सवयीने खेळू शकतो तिथे बरोबरची खूण. नऊ-दहा खुणा झाल्या तर अनुभवाची, वयाची, नावाची कसलीच काळजी करू नका. पाच-सहावर अडकलं, तर माणूस कितीही नामांकित असला तरी तुमची शंका खरी आहे आणि ती पद्धत बदलेपर्यंत किंवा संघ बदलेपर्यंत खरीच राहणार.

हाच हिशेब व्हिन्सेंट कोम्पनीलाही लागू पडतो. २०२३-२४ मध्ये बर्नली त्याच्या हाताखाली ३८ सामन्यांत २४ गुण मिळवून खालच्या लीगमध्ये गेलं, आणि लगेच बायर्न म्युनिकने त्याला बोलावलं. पदावनत झालेल्या संघाचा प्रशिक्षक बायर्नमध्ये, यावर जर्मनीतले चाहते चक्रावले होते, त्यात क्लबला आधी अनेकांचे नकार मिळालेले. पण गोलरक्षकापासून छोटे पास, उंचावर उभी बचावफळी, चेंडू स्वतःकडे ठेवण्याचा हट्ट, ही पद्धत तरुण आणि अननुभवी बर्नलीला झेपत नव्हती. बायर्नच्या खेळाडूंच्या ती अंगवळणीच होती. पहिल्या हंगामात बायर्नने लीग परत मिळवली.

उनाय एमरीचं उदाहरण मला याहूनही बोलकं वाटतं, कारण त्यात एकाच माणसाच्या दोन कारकिर्दी शेजारी ठेवता येतात, त्याही एकाच लीगमधल्या. आर्सेनलमध्ये तो प्रशिक्षक वेंगर यांच्या २२ वर्षांच्या कारकिर्दीनंतर आला. सलग २२ सामने अपराजित राहिला, पहिला हंगाम पाचव्या स्थानी संपवला, आणि दुसऱ्या हंगामात नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याला जावं लागलं. त्याच्या इंग्रजी उच्चारांची टिंगल झाली, ती आजही मला खटकते. तीन वर्षांनी ॲस्टन व्हिलाने, संघ तळाकडे घसरलेला असताना, त्याला आणलं. तो हंगाम सातव्या स्थानी संपला, पुढचा चौथ्या, आणि व्हिला चॅम्पियन्स लीगमध्ये गेलं. उच्चार तेच होते. बदललं होतं ते भोवतालचं सगळं.

वर कोण बसलंय

आणि भोवतालचं म्हणजे फक्त खेळाडू नव्हेत. व्हिलामध्ये एमरीसाठी त्याच्या सेव्हियातल्या काळातला सहकारी मोंची आणला गेला, खेळाडूंची खरेदी त्याच्या पद्धतीला धरून होऊ लागली. याउलट युनायटेडमध्ये २०२४ च्या जुलैमध्ये अमोरिमच्या आधीचा प्रशिक्षक एरिक टेन हाग याचा करार वाढवला, ऑक्टोबरमध्ये त्यालाच काढलं, आणि जुलैमध्ये रुजू झालेला स्पोर्टिंग डायरेक्टर डॅन ॲशवर्थ डिसेंबरमध्ये बाहेर पडला. ज्या घरात वरची माणसंच सहा महिने टिकत नाहीत, तिथे प्रशिक्षकाने तीन वर्षांची योजना कुणाच्या भरवशावर आखायची?

हल्ली बहुतेक क्लब मॅनेजरऐवजी मुख्य प्रशिक्षक असं पद ठेवतात. याचा अर्थ खरेदी-विक्रीचा अंतिम शब्द त्याचा नाही. यात वाईट काही नाही. लिव्हरपूलची घडी अशीच बसलेली आहे आणि स्लॉट त्यात सुखाने रुळला. फक्त चाहत्याने एवढं पाहायचं की खरेदी करणारा आणि खेळवणारा एकाच चित्राकडे बघतायत का. आर्सेनलने मिकेल आर्टेटाला २०१९ मध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून आणलं आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्याचं पद वाढवून मॅनेजर केलं. पुढच्या दोन विंडोंत कोण आलं आणि कोण गेलं ते पाहिलं की त्या बदलाचं वजन कळतं.

पहिले दहा सामने

इथे सर्वांत जास्त घोळ होतो, कारण निकाल डोळ्यांसमोर असतात आणि ते सहसा फसवतात.

ग्वार्दिओलाची बार्सिलोना पहिला लीग सामना नुमान्सियाकडून हरली आणि दुसरा रासिंग सांतांदेरशी बरोबरीत सुटला. थॉमस फ्रँकने २०१८ मध्ये ब्रेंटफर्डची सूत्रं घेतली आणि पहिल्या दहापैकी आठ सामने गमावले. २०२१ मध्ये त्यानेच क्लबला प्रीमियर लीगमध्ये नेलं. दुसरीकडे अँजे पोस्टेकोग्लूने २०२३ मध्ये टॉटनहॅमसाठी पहिल्या दहा सामन्यांत ३० पैकी २६ गुण मिळवले आणि सगळ्या शंका हवेत विरल्या. अकराव्या सामन्यात चेल्सीविरुद्ध रोमेरो आणि उदोगी यांना लाल कार्ड मिळालं, उरलेले नऊ जण तरीही बचावफळी मध्यरेषेजवळच ठेवून खेळले आणि ४-१ ने हरले. मैदानावरच्या चाहत्यांनी त्या हिमतीला टाळ्या दिल्या. मला त्या टाळ्या समजतात. पण त्या रात्रीच एक शंका जन्माला यायला हवी होती: परिस्थिती पार उलटली तरी हा प्रशिक्षक दुसरं काही करून बघतच नाही. पुढच्या हंगामात मुख्य बचावपटू जायबंदी झाले, तीच रचना ताणत राहिली आणि टॉटनहॅम १७वं आलं. लक्षात घ्या, त्याच मे महिन्यात बिल्बाओमध्ये युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात त्याने संघाला मागे दाटीने उभं करून युनायटेडला १-० ने हरवलं. म्हणजे दुसरा मार्ग त्याला येत होता. लीगमध्ये तो वेळेवर निघाला नाही.

नवा प्रशिक्षक आल्यावर संघ अचानक जिंकू लागतो त्यालाही फार भुलू नका. डच लीगच्या १९८६ ते २००४ या काळाचा अर्थशास्त्रज्ञ बास तेर वील यांनी अभ्यास केला होता. घसरणीत प्रशिक्षक बदललेले संघ सावरले हे खरं, पण तेवढीच घसरण होऊनही ज्यांनी प्रशिक्षक बदलला नाही ते संघही जवळपास तसेच सावरले. दुर्दैवाचा फेरा संपतो, पेनल्टी मिळू लागतात, जखमी परततात. श्रेय जो खुर्चीत बसलेला असतो त्याला मिळतं.

मग पाहायचं काय? चेंडू गमावल्यानंतरचे पाच-सहा सेकंद. खेळाडू एकत्र झेपावतात की एक धावतो आणि बाकीचे बघतात, यावरून सराव मैदानावर काय चाललंय ते कळतं. चेंडू आपल्याकडे असताना बचावफळी आणि मधल्या फळीतलं अंतर आठवडागणिक कमी होतंय का. संघ मागे पडल्यावर साठाव्या मिनिटाला होणारा बदल ठरवून केल्यासारखा वाटतो की घाबरून आणखी एक स्ट्रायकर आत ढकलल्यासारखा. आणि आधीच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली हरवलेला एखादा तरी खेळाडू सापडतोय का, जसा ग्रावेनबर्ख सापडला. अपेक्षित गोलांचे (संधींच्या दर्जावरून किती गोल व्हायला हवे होते त्याचे) आकडे बघणाऱ्यांनी जरूर बघावेत, पण दहाएक सामन्यांची सरासरी घ्यावी. एका सामन्याच्या आकड्यात काही दम नसतो. पत्रकार परिषदेतल्या गोड बोलण्याला मी जवळपास शून्य किंमत देतो. हरल्यावर तो स्वतःच्या खेळाडूंना चारचौघांत तोडतो का, तेवढं मात्र ऐकून ठेवतो.

वाट किती पाहायची

वाट पाहा म्हणणारे लगेच सर ॲलेक्स फर्ग्युसन यांचं नाव काढतात. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये युनायटेडला आले, पहिला चषक १९९० मध्ये, पहिली लीग १९९३ मध्ये. दाखला खरा आहे, पण तो पुरावा म्हणून वापरणं चुकीचं, कारण वेळ मिळूनही काहीच न झालेल्या प्रशिक्षकांची नावं कुणी काढत नाही.

त्यापेक्षा आर्टेटा आणि डेव्हिड मोयेस यांची तुलना कामाची आहे. आर्टेटाचे पहिले दोन हंगाम आठव्या स्थानी संपले. ऑगस्ट २०२१ मध्ये तर आर्सेनलने पहिले तिन्ही सामने गमावले, नऊ गोल खाल्ले, एकही केला नाही, आणि संघ गुणतक्त्याच्या तळाला होता. त्याला काढा ही मागणी टिपेला पोहोचली होती. पण ज्याने नीट पाहिलं त्याला दिसत होतं की आठव्या आलेल्या त्या संघाने आधीच्या हंगामात फक्त ३९ गोल खाल्ले होते, लीगमध्ये सर्वांत कमी गोल खाणाऱ्यांत तिसरा. त्याच उन्हाळ्यात ओडेगार्ड, व्हाइट, रॅम्सडेल, तोमियासू असे तरुण खेळाडू नेमक्या रिकाम्या जागांवर आले होते. तो हंगाम पाचव्या स्थानी संपला आणि पुढचे तिन्ही दुसऱ्या.

फर्ग्युसन यांच्यानंतर युनायटेडला आलेल्या मोयेसला २०१३ मध्ये सहा वर्षांचा करार मिळाला होता, म्हणजे धीराचं आश्वासन लेखी होतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये तळाला असलेला फुलहॅम ओल्ड ट्रॅफर्डवर आला. युनायटेडने त्या सामन्यात ८० हून अधिक क्रॉस टाकले. एकामागून एक, डावीकडून, उजवीकडून, त्याच बॉक्समध्ये, त्याच बचावपटूंच्या डोक्यावर. सामना २-२ सुटला. हंगाम अर्ध्याहून पुढे गेलेला असताना आधीच्या हंगामातल्या विजेत्या संघाकडे चेंडू बॉक्समध्ये फेकण्यापलीकडे कल्पना नव्हती. एप्रिलमध्ये मोयेस गेला, आणि तो निर्णय मला तेव्हाही बरोबर वाटला होता. आर्टेटाच्या संघात हरतानाही काहीतरी उभं राहत असल्याचं दिसत होतं, मोयेसच्या संघात बरोबरीतही नव्हतं.

मग ठरवायचं कसं

जुळणीच्या हिशेबात खुणा भरपूर असतील आणि तुमचा आक्षेप फक्त नावावर, वयावर किंवा तो कुठून आला यावर असेल, तर पहिला पूर्ण हंगाम त्याच्या पाठीशी राहा. स्टँडमधून मिळणारी साथ ही काही हवेतली गोष्ट नाही. संघ मागे पडल्यावर तरुण खेळाडू पुढचा पास धोका पत्करून देतो की मागे ढकलून मोकळा होतो, हे त्या आवाजावर ठरतं.

खुणा कमी असतील पण क्लब त्याच्या पद्धतीचे खेळाडू आणत असेल, तर थांबा, दोन विंडो जाऊ द्या, आणि वर सांगितलेल्या गोष्टी टिपत राहा. निकाल वाईट असले तरी चालतील. त्या गोष्टी दहा-बारा सामन्यांत जराही हलल्या नाहीत तर मात्र शंका उघड बोला.

आणि खुणाही कमी, खरेदीही भलत्याच दिशेची, असं असेल तर आवाज आत्ताच उठवा, पण तो प्रशिक्षकाकडे वळवू नका. चेल्सीच्या २०२२-२३ च्या हंगामात हेच चुकलं. नव्या मालकांनी सप्टेंबरमध्ये प्रशिक्षक टुकेलला काढून ब्रायटनहून ग्रॅहम पॉटरला आणलं. पहिले नऊ सामने तो हरला नाही. मग जानेवारीच्या एकाच विंडोत क्लबने आठ नवे खेळाडू घेतले, खर्च ३० कोटी पौंडांच्या घरात, त्यात १० कोटींहून महागडा एन्झो फर्नांडेझ. सरावात सगळ्यांना सामावून घेणंच अवघड झालं होतं, पक्की अकरा कुठली, कुणालाच ठाऊक नव्हतं. चाहत्यांचा राग मात्र शांत, मवाळ पॉटरवर निघत राहिला. एप्रिलच्या सुरुवातीला त्याला काढलं, फ्रँक लॅम्पार्डला हंगामापुरतं परत बोलावलं. लॅम्पार्डइतका चाहत्यांचा लाडका माणूस त्या क्लबच्या इतिहासात शोधून सापडायचा नाही. संघ तोच होता, खरेदी करणारेही तेच होते. चेल्सी १२व्या स्थानी राहिलं.